सुलतानाच्या दूतांचे फेटे

लाकडी डोकी सहा. मलमलीच्या घड्या सहा, प्रत्येकी नऊ मीटरची. आत घालायच्या रजईसारख्या जाड टोप्या सहा. आणि बिस्किटांच्या डब्यात खिळे अठ्ठेचाळीस, म्हणजे दर डोक्याला आठ. बाळासाहेबांनी ते दोनदा मोजले. भोसरीच्या कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलेल्या माणसाला डबा उघडा दिसला की मोजल्याशिवाय राहवत नाही. खिळे खोटे होते: गंजल्यासारखं रंगवलेलं रुंद माथं आणि मागे जेमतेम अर्धा सेंटिमीटर टाचणी.

“बाबा, ही शॅरन. माझी बॉस,” त्यांची सून प्रणिता म्हणाली.

“किया ओरा,” शॅरनने माओरीत नमस्कार केला. बाळासाहेबांनी हात जोडले.

शॅरनने टेबलाखालून आधीच शिवून ठेवलेल्या पगड्यांचं खोकं ओढलं आणि हताशपणे त्यांच्याकडे पाहिलं.

“कोबीचे गड्डे दिसतायत,” बाळासाहेब मराठीत म्हणाले.

“काय म्हणतात ते?” शॅरनने विचारलं.

“थोडं काम लागेल म्हणतात,” प्रणिता म्हणाली.

ऑकलंडच्या हेन्डरसन उपनगरातल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये प्रणिता वर्षभर सिनेमाचे कपडे शिवत होती. सिनेमा साडेपाचशे वर्षांपूर्वीच्या रुमेनियातल्या एका राजावर होता. पुढे लोकांनी त्या राजाचं रक्त पिणारं भूत केलं. या सिनेमात मात्र भूत नव्हतं. खरा राजा होता, त्याचे तह होते, लढाया होत्या आणि शिक्षा होत्या. हेन्डरसनमागचे हिरवे डोंगर त्याचा मुलूख होणार होते. राजाच्या दरबारात सुलतानाचे सहा दूत यायचे होते आणि त्यांच्या डोक्यावर काय बसवायचं, यावर सगळं अडलं होतं. तेव्हा प्रणिताला सासऱ्यांची आठवण झाली. लग्नसराईत कॉलनीतल्या वऱ्हाडाला ते एका सकाळी चाळीस-चाळीस फेटे बांधायचे. व्हिजिटर व्हिसावर काम करता येत नाही, त्यामुळे पैशाचा प्रश्न नव्हता. बाळासाहेबांना तो पडलाही नाही. इथे आल्यापासूनच्या सात महिन्यांत पहिल्यांदाच कुणाला तरी त्यांची गरज पडली होती.

पहिला फेटा चार मिनिटांत झाला. पीळ घट्ट, थर एकसारखे. पाठीवर हातभर शेमला.

“बाबा, शेमला नको. हे वऱ्हाडी नाहीत.”

“हात सोडतो गं आपोआप.” त्यांनी तो आत खोचला. “आणि हे खिळे कुठले?”

प्रणिताने सांगितलं. दूत दरबारात आले. राजा म्हणाला, डोकी उघडी करा. ते म्हणाले, आम्ही कुणापुढेच करत नाही, आमचा रिवाज आहे. राजा म्हणाला, चांगला रिवाज आहे, मी तो पक्का करून देतो. आणि पगड्या डोक्याला ठोकायला लावल्या. असं सांगतात, खरं-खोटं कोण जाणे.

बाळासाहेबांचा हात आपल्या पांढऱ्या टोपीकडे गेला.

“रागावून म्हणाला का हसून?”

“पटकथेत लिहिलंय, प्रेमाने.”

*

रात्रीच्या जेवणानंतर परेशने फॉर्म काढला. परेश त्यांचा एकुलता एक मुलगा. आठ वर्षांपूर्वी नोकरीसाठी ऑकलंडला आलेला. आई गेल्यावर बाबांना त्याने सोबत आणलं ते “थोडे दिवस” म्हणून. परतीचं तिकीट चौदा डिसेंबरचं होतं. आता तो त्यांच्या रेसिडेन्सचा अर्ज भरत होता. शुक्रवारी डॉक्टरकडे तपासणी होती. ती झाली की अर्ज जाणार आणि तिकीट रद्द होणार.

“उंची, बाबा?”

“एकशे सदुसष्ट सेंटिमीटर. कंपनीच्या रेकॉर्डला आहे.”

“ती मोजतीलच म्हणा.” परेशने पेन्सिलीने लिहिलं. “एकदा हे झालं की निर्धास्त. तिकडे एकटे, तिसऱ्या मजल्यावर, मध्येच काही झालं तर? मला इथे झोप लागत नाही हो.”

खरंच लागत नसे. बाळासाहेबांना त्याची पावलं ऐकू येत. म्हणून तर बोलायचं कठीण होतं. मुलगा वाईट असता तर भांडता आलं असतं.

“आजोबा, आर यू स्टेइंग फॉरएव्हर?” ओवीने विचारलं. ती सहा वर्षांची होती.

“तुझे बाबा म्हणतात तसं.”

“स्वीट ॲज,” ओवी शाळेत शिकलेलं ‘मस्तच’ म्हणाली आणि त्यांच्या मांडीवर चढली.

घराला तीन बाजूंनी लाकडी कुंपण होतं. चौथ्या बाजूला फूटपाथ. रोज दहा वाजता बाळासाहेब त्यावरून कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत, म्हणजे तिथल्या वाणसामानाच्या दुकानापर्यंत जात, सातशे चाळीस पावलं, आणि परत येत. वाटेत फार तर एक कुत्रा भेटे. बस तासाला एक आणि ती जिथे जाई तिथे त्यांचं काही नव्हतं. चिंचवडच्या फ्लॅटखाली संध्याकाळी बाकावर चौघं बसत. त्यांतला सुधाकर दर रविवारी फोनवर विचारी, “काय रे, जागा धरून ठेवू का देऊन टाकू?” बाळासाहेब म्हणत, “धर अजून.”

*

शूटिंग बुधवारी झालं. पाच दूतांना प्रणिताने फेटे बांधले, सहाव्याला बाळासाहेबांनी. तो इव्हान नावाचा म्हातारा होता, तिथलाच, द्राक्षांच्या मळेवाल्यांतला.

“टाइट?” बाळासाहेबांनी विचारलं.

“बरं वाटतंय,” तो इंग्रजीत म्हणाला. “मान ताठ ठेवावी लागते. बायकोने बघितलं तर ओळखणार नाही.”

राजा झालेला नट मऊ आवाजात आपलं वाक्य बोलला. शिपायांनी रबरी हातोडे उचलले. टाचण्या आतल्या जाड टोपीत रुतत होत्या, इजा कुणालाच नव्हती, तरीही बाळासाहेबांनी दर खेपेला डोळे मिटले. पाच खेपा झाल्या. सहा डोकी, आठ खिळे, पाच खेपा: दोनशे चाळीस भोकं. एकही फेटा सैल झाला नाही. शॅरनने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, “तुम्ही परत जाऊ नका हं. आम्ही सोडणार नाही तुम्हाला.”

ती गमतीने म्हणाली. सगळे हसले.

परतताना गाडी सिग्नलला थांबली. मग बाळासाहेब समोर बघत म्हणाले, “प्रणिता, मला चौदा तारखेला जायचंय.”

“पुढच्या वर्षी जाऊन या की. अर्ज झाला की कधीही...”

“जाऊन यायचं नाही. जायचंय.”

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने वाट पाहून हॉर्न वाजवला तेव्हा तिने गाडी काढली.

“मला वाटलंच होतं,” ती म्हणाली. “पण परेशला तुम्ही सांगा, बाबा. मी सांगितलं, तर सुनेला सासरा जड झाला असं होईल. आयुष्यभर तेच राहील आमच्यात.”

“मीच सांगतो. शुक्रवारच्या आत.”

“शुक्रवारच्या आत,” ती म्हणाली.

*

गुरुवारी परेश उशिरा आला. शुक्रवारी त्याने अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. गाडीत सांगायचं, असं बाळासाहेबांनी ठरवलं. दवाखान्यापर्यंत बारा मिनिटं लागणार होती. वाक्य त्यांनी अंघोळ करताना जुळवलं: ‘परेश, तुझं चुकत नाही, पण मला जाऊ दे.’

अंघोळ करताना त्यांना दिसलं की नळाशेजारी स्टीलचा एक दांडा आला आहे.

“बघितलात का?” गाडी सुरू करत परेश म्हणाला. “सकाळी पाचला उठून बसवला. तुम्ही त्या दिवशी घसरता घसरता राहिलात ना. चार स्क्रू, थेट भिंतीच्या आतल्या लाकडात घातलेत. हलवून बघितला, ढिम्म हलत नाही.” त्याच्या अंगठ्याला पट्टी होती. “ड्रिल निसटलं जरा.”

“दुखतंय का?”

“छे हो.” तो हसला. चाळिशीला आलेला मुलगा बक्षीस दाखवावं तसा हसला. “तुम्ही काही म्हणत होतात का, निघताना?”

अजून सात मिनिटं होती. बाळासाहेबांनी त्या पट्टीकडे पाहिलं.

“काही नाही. पक्का बसवलास, बरं केलंस.”

नर्स तरुण होती, घाईत नव्हती. तिने रक्त घेतलं, दाब पाहिला, वजन घेतलं. मग भिंतीवरच्या उंचीच्या पट्टीकडे बोट केलं.

“शूज ऑफ, प्लीज. ॲण्ड द हॅट.”

बाळासाहेबांनी बूट काढले, जोडीने कडेला ठेवले आणि टोपीसकट भिंतीला पाठ लावून उभे राहिले. मान ताठ. नर्स थांबली. तिने परेशकडे पाहिलं.

“बाबा,” परेश हळूच, प्रेमाने म्हणाला, “टोपी.”

 बाळासाहेबांनी टोपी काढली, तिची घडी जुळवली आणि मुलाच्या हातात दिली. नर्सने आडवी पट्टी खाली आणून डोक्याला टेकवली, परेशचा पेन्सिलीचा आकडा खोडला आणि शाईने नवा लिहिला.

एकशे चौसष्ट सेंटिमीटर.