दुसरा तुकडा

मांजर्लीतल्या त्या नदीकाठच्या सोसायटीत पुराचा निरोप सगळ्यांना एकदम फोनवर जातो. निदान सोसायटीचं तसं म्हणणं आहे. जितेशनं ही सोय लावून दिली म्हणून गणपतीत त्याला शाल-श्रीफळ मिळालं. काम सोपं: नंबरांची फाइल वेबसाइटवर चढवायची आणि अध्यक्षांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकायचा. फाइलचा क्रम मात्र कमिटीनं ठरवलेला. आधी मालक, शेवटी भाडेकरू. एवढं ठरवायला मीटिंग झाली होती, वर समोसे.

तळमजल्यावरची वेणूबाई भाडेकरू. तिचा नवरा नाथा अर्धांगवायूनं खाटेला खिळलेला. गेल्या वर्षी निरोप आला तशी वरच्या मजल्यावरच्या चार भाडेकरू पोरांनी त्याला खुर्चीत बसवून जिन्यानं नेलं, म्हणून वाचला. यंदा नदी फुगल्याचं ऐकून ती सकाळीच वर जाऊन आली. "निरोप आला की उचलू ना मावशी, अभी से कशाला त्यांना त्रास," पोरं म्हणाली. ती फोन हातात घेऊन नवऱ्याच्या उशाशी बसली.

यंदा नवी इमारत झाली, तिचे मालक फाइलीत शिरले आणि नंबर पाचशेच्या वर गेले. वेबसाइट एका वेळी पाचशेच घेते. जितेश आयटीतला. त्या दिवशी निरोप धाडताना त्यानं लॅपटॉपवर काळी खिडकी उघडली आणि स्प्लिटची एका ओळीची आज्ञा दिली: दर पाचशे ओळींनंतर, म्हणजे पाचशे नंबरांनंतर, तोड. संगणकाला माणूस कळत नाही, ओळ कळते. पहिल्या तुकड्यात मालक मावले, दुसऱ्यात भाडेकरू उरले.

पहिला तुकडा गेला. दुसऱ्यासाठी पुन्हा ओटीपी हवा, म्हणून त्यानं अध्यक्ष श्यामकांतना फोन लावला. ते गाडी वाचवायला अंबरनाथच्या रस्त्याला लागले होते.

"परत ओटीपी? अरे, मी ड्राइव्ह करतोय."

"काका, छोटा तुकडा राहिलाय. भाडेकरूंचा."

"मग राहू दे ना यार. त्यांचे मालक सांगतील त्यांना. तू आधी तुझी गाडी काढ."

वेणूबाईचा घरमालक पुण्यात. त्याला निरोप बरोबर पोचला. त्यानं वाचला आणि पुसून टाकला.

"खाली नाथाकाका आहेत," जितेशची बायको शलाका म्हणाली.

"जाता जाता सांगतो," तो म्हणाला. पण पार्किंगमध्ये पाणी आलं होतं आणि गाडीचे हप्ते अजून चालू होते. वेणूबाईच्या दारावरून तो काच वर करून गेला. शरम वाटली असेल, तर ती हायवेपर्यंत टिकली नाही.

पाणी खाटेवर चढलं तेव्हा ती चारही पोरं फाटकाशी मालकांच्या गाड्या ढकलत होती. वेणूबाईनं एका हातानं नवऱ्याची हनुवटी वर धरली. दुसऱ्या हातात फोन होता, तो तिनं भिजू दिला नाही. निरोप येणार होता ना. ओरडून ओरडून तिचा घसा बसला. मग हनुवटी धरून ठेवण्यात काही अर्थ उरला नाही.

चार दिवसांनी कमिटीनं शोकसंदेश काढला. श्यामकांत घरीच होते, ओटीपी लगेच मिळाला. दोन्ही तुकडे गेले.

वेणूबाईचा फोन वाजला. तिला वाचता येत नाही, म्हणून वरच्या तेजस्वीनं वाचून दाखवलं: आपल्या सोसायटीतील श्री. नाथा यांचे दुःखद निधन झाले आहे, सर्वांनी नोंद घ्यावी.

"ह्यो बरा आला," वेणूबाई म्हणाली.