मुक्काम आमागर

"मग राहायचं कुठे, ते तुम्ही ठरवा," आस्गेर फोनवर आईला, बोदिलला, म्हणाला.

हे ठरवायची वेळ येईल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. मुलगा कोपनहेगनमध्ये, सून कोपनहेगनमध्ये, ईस्टरला जन्मलेली नात आल्मा कोपनहेगनमध्ये. आजी-आजोबा लेमविगहून, म्हणजे देशाच्या पार पश्चिमेच्या टोकावरून, अख्खा डेन्मार्क आडवा कापत येणार. ते राहणार कुठे, हा काय प्रश्न झाला? बोदिलचं मागणं फार नव्हतं. भल्या पहाटे नातीच्या रडण्याने जाग यावी, आपणच आधी उठून तिला उचलावं, बस. गेले कित्येक आठवडे ती एवढ्या एका गोष्टीवर जगत होती.

घोटाळा झाला तो रविवारी. सुनेचा, फ्रेयाचा फोन आला होता. "बोदिल, तुम्ही दोघं आमच्याकडेच राहा ना. मागची खोली आहे," ती म्हणाली. आणि बोदिल म्हणाली, "छे छे, कशाला उगीच तुम्हाला त्रास!"

लेमविगकडे भलं माणूस असंच बोलतं. पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की "अगं, खरंच नको" म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, एवढं म्हणतेसच तर" असं पुटपुटत खुर्ची पुढे ओढायची. पहिल्या फेरीत हो म्हणणारा अधाशी, आणि दोनदाच विचारून थांबणारा कंजूष. हे तिकडे कुणी कुणाला शिकवत नाही, पोरं ते आईच्या दुधाबरोबर पितात. तर बोदिलने नको म्हटलं आणि दुसऱ्या फेरीसाठी फोन कानाला घट्ट धरला.

"बरं," फ्रेया म्हणाली. "मग आस्गेरला हॉटेल बघायला सांगते."

फ्रेया जन्माने कोपनहेगनची. लग्नाआधी पहिल्यांदा लेमविगला आली, तेव्हा बोदिलने केकची थाळी पुढे केली आणि ही पोरगी "हो, आवडेल की" म्हणून तुकडा उचलून मोकळी झाली. बोदिलची उरलेली दोन वाक्यं घशातच राहिली. पुढे तिने ते मोठ्या मनाने विसरूनही टाकलं, पण विसरल्याचं तिच्या लक्षात मात्र राहिलं.

"तिने एकदाच विचारलं," फोन ठेवून बोदिल नवऱ्याला म्हणाली.

आयविनने जन्मभर ट्रॅक्टर दुरुस्त केले होते आणि आता तो जन्मभराचे पेपर वाचून काढत होता. त्याने पेपर खाली ठेवला. "एकदाच? का गं, आपलं काही भांडण झालंय का?"

"मला काय माहीत!"

"मग त्यांना आपण नको असू," आयविन म्हणाला आणि पेपर पुन्हा वर घेतला. बोदिलला नेमकी हीच भीती होती. ती स्वयंपाकघरात गेली आणि धुतलेलीच भांडी तिने पुन्हा धुतली.

आणि आता आस्गेर फोनच्या स्पीकरवरून कोपनहेगनच्या वस्त्या मोजून दाखवत होता. हा तर लेमविगचाच, याला तरी कळायला नको? पण त्याला राजधानीचं पाणी लागलं होतं. शिवाय दुसऱ्याच्या मनात खरं काय आहे ते सरळ विचारायचं नाही, ही त्यांच्या घरची जुनी खोड होतीच.

"वेस्टरब्रो कसं वाटतं, आई? स्टेशनाच्या मागेच आहे."

"स्टेशनाच्या मागे? शिवणाच्या वर्गाबरोबर गेले होते ना मी, तेव्हा तिथल्या दुकानांच्या काचेत काय काय टांगलं होतं, ते अजून तुझ्या बापालाही सांगितलेलं नाही मी."

"काय टांगलं होतं?" पेपरामागून आवाज आला.

"आई, त्याला पन्नास वर्षं होत आली! आता तिथे दाढीवाली पोरं पाव भाजतात."

"दाढी पावात पडते. पुढचं सांग."

"नोरेब्रो?"

"सायकलवाले अंगावर येतात म्हणे."

"बरं, ओस्टरब्रो. शांत आहे, झाडं आहेत."

"आणि डॉक्टरांच्या बायका आहेत. मी तिथे नाश्त्याला कोणता कोट घालू?"

"मग फ्रेडरिक्सबर्ग."

इथे आयविन पेपर दुमडून उठला. "ते कोपनहेगनमध्ये नाहीच! त्यांची नगरपालिका वेगळी आहे. इतकं पेट्रोल जाळून जायचं आणि गावाबाहेर झोपायचं?"

बोदिलने घसा साफ केला. "तुमच्याकडे कसं आहे रे? आमागरला?"

"आमागर?" आस्गेर हसला. "आई, इथे काय ठेवलंय! सगळं शहर आम्हाला हसतं. पूर्वी शहराचा कचरा इथेच आणून टाकायचे. डोक्यावर विमानं आणि तोंडावर वारा."

"वाऱ्याची सवय आहे आम्हाला."

"शांतता नाही."

"शांतता लेमविगला रगड आहे."

"हॉटेलंही अगदी साधी."

"साधंच बरं असतं," बोदिल म्हणाली. "माणसांच्या जवळ असलं म्हणजे झालं."

यापुढे लेमविगची बाई जाऊ शकत नाही. यापुढे गेली तर ती भीक. एखाद्या खांबालासुद्धा एव्हाना कळलं असतं. आस्गेर म्हणाला, "ठीक आहे, आमच्या समोरच एक हॉटेल आहे, तिथे खोली घेतो." आयविनने गाडी लावायला जागा आहे का एवढं विचारलं, आणि प्रश्न मिटला.

जूनमधल्या एका दुपारी ते पोहोचले. हॉटेलच्या खोलीत दोन अरुंद पलंग होते आणि खिडकीतून समोरच आस्गेरची गॅलरी दिसत होती. तिथे दोरीवर आल्माचे इवलेसे मोजे वाळत होते. बोदिल त्यांच्याकडे बघत राहिली. रस्ता इतका अरुंद होता, तरी मधे समुद्र असल्यासारखं तिला वाटलं. रडू येतंय हे कळू नये म्हणून ती आयविनला म्हणाली, "पडदे धुवायला झालेत यांचे."

सहाला जेवायला गेले. बूट दाराशी काढले. आल्मा आजीच्या मांडीवर आली आणि तिने आजीचं बोट मुठीत घट्ट धरलं. फ्रेयाने खिम्याच्या टिक्क्या केल्या होत्या, बरोबर नवे बटाटे. आयविनने तीन खाल्ल्या.

"आणखी घेतोस, आयविन?" फ्रेयाने विचारलं.

"नको नको, झालं माझं."

"बरं," म्हणून फ्रेयाने भांडं उचललं आणि आत नेलं. आयविनची नजर भांड्याच्या मागोमाग स्वयंपाकघरापर्यंत गेली आणि बराच वेळ तिथून परत आली नाही.

बोदिलचा काटा हवेतच थांबला. फ्रेयाच्या तोंडावर ना राग होता, ना कंजूषपणा. आयविन नको म्हणाला म्हणून तिने भांडं नेलं. ही बाई एकदा विचारते आणि मिळालेलं उत्तर खरं मानते! मग त्या रविवारी फोनवरही...

आस्गेर आल्माला झोपवायला त्यांच्या झोपायच्या खोलीत गेला, तो तिकडेच झोपला. त्याचं घोरणं बाहेर ऐकू येत होतं. कॉफी संपली. आयविन मांड्यांवर हात आपटून "चला तर" म्हणाला. बोदिल उठली. तिचे कान तापले. असं काही ती उभ्या आयुष्यात बोलली नव्हती.

"फ्रेया, मी इथे राहू का? तुमच्याकडे?"

फ्रेयाच्या हातातला कप तसाच राहिला. "पण तू तर नको म्हणालीस."

"म्हणाले खरी."

"मला वाटलं, तुला आमच्याकडे आवडत नाही. की मीच आवडत नाही." फ्रेयाने कप खाली ठेवला. "ती मागची खोली मी तुमच्यासाठी रंगवून घेतली होती, बोदिल."

"अगं, मी वाट बघत होते, तू परत विचारशील म्हणून!"

"नको म्हणणाऱ्या माणसाला परत कसं विचारायचं? ते किती उद्धट दिसतं!"

आणि मग फ्रेया इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. बोदिलही हसली, आणि हसता हसता एकदाची रडली. फ्रेयाने तिचा हात धरून ठेवला.

"आयविन, तू पण राहतोस ना?" डोळे पुसत फ्रेयाने विचारलं.

"छे छे," आयविन म्हणाला. "माझं काय एवढं! माझी खोली आहे की तिकडे."

"बरं," फ्रेया म्हणाली.

आयविन दाराशी बसला आणि बूट घालू लागला. एक नाडी बांधली, ती सोडली आणि पुन्हा बांधली. दुसरी त्याहून सावकाश. मग मान वर करून त्याने खोलीभर नजर फिरवली. फ्रेयाने मोठ्या मायेने त्याला कोट घालायला मदत केली आणि सकाळी लवकर ये म्हणाली.

त्याला अजून दोनदा विचार, हे सांगायला बोदिलने तोंड उघडलं. तेवढ्यात झोपायच्या खोलीतून आल्मा रडली, आणि ती आत धावली. जिन्यावरून आयविनची पावलं खाली उतरत होती, प्रत्येक मजल्यावर जरा थांबत.