गालातली ज्येष्ठमधाची काडी

शिरड शहापूरच्या आशाबाईंचा नेम साधा होता. दुपारी देवापुढं बसायचं आणि पोथीचा एक अध्याय मोठ्यानं वाचायचा. नवऱ्याला, व्यंकटरावांना, कमी ऐकू यायचं. समोरच्या भिंतीपाशी खुर्ची टाकून ते म्हणायचे, "जरा मोठ्यानं वाच. देवाला ऐकू येऊन राहिलं, मला न्हाई."

त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, तरी बाईंनी आवाज उतरू दिला नव्हता. घसा बसू नये म्हणून दिवसभर गालात ज्येष्ठमधाची काडी असायची. त्या घरात दुसरा आवाजच नव्हता.

दिवाळीनंतर छातीत ठोका चुकू लागला. थांबायचा, मग धपकन पडायचा. दर वेळी बाई दाराकडं बघायच्या. वाटायचं, हे आले. म्हणून कुणाला सांगितलंही नाही. पण एकदा वाचता वाचता डोळ्यांपुढं अंधारी आली, तेव्हा एकट्याच एसटीनं हिंगोलीला गेल्या.

नर्स ऐश्वर्यानं छातीला तारा लावल्या. "मावशी, सोबत कोण हाय?"

"कोणी न्हाई, बाई."

डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी पाहिली, रक्ताचा रिपोर्ट पाहिला. "पायाच्या सुजेच्या गोळीशिवाय आणखी काय घेता?"

"काहीच न्हाई."

"मग गालात काय हाय?" ऐश्वर्या हसली. "कपाळाला बुक्का लावून खोटं बोलून राहिल्या, व्हय?"

बाई ओशाळल्या. काडी ना अन्न, ना औषध. उपासालाही चालायची. सांगायचं सुचलंच नव्हतं.

"हृदयात बारीकशी वीज फिरते," डॉक्टर म्हणाले. "ती नीट चालायला पोटॅशियम लागतं. ज्येष्ठमधाच्या गोडीत जे द्रव्य आहे, ते पोटॅशियम लघवीवाटे घालवतं. तुमची गोळीही तेच करते. दोघं मिळून एक दिवस ठोका बंद पाडतील. काडी आजपासून बंद."

"अन् घसा?"

"बसला तर बसू द्या."

तीन दिवसांनी बाई घरी आल्या. पोथी उघडली. छातीत ठोके बराबर पडत होते. दाराकडं बघायला कारणच उरलं नव्हतं.

पाचव्या ओवीला आवाज फाटला. कोनाड्यात उरलेली काडी होती. बाईंनी ती उचलली, हुंगली. ठोका चुकवायला तेवढी पुरली असती.

मग त्यांनी ती चुलीत टाकली. भिंतीपाशी जाऊन खुर्ची ओढत आणली, अगदी आपल्या गुडघ्याला टेकेल अशी ठेवली, आणि खालच्या आवाजात सहावी ओवी वाचली.