सासूबाईंचा आरसा

आमच्याकडचा रानटी टर्की हा पक्षी देवाने रागाच्या भरात बनवला असावा. काळं अंग, लाल बोडकं डोकं, गळ्यात पिवळी झालर आणि पाय म्हणजे दोन फावडी. मादीला अंडी घालायला पाल्याचा ढीग रचायचा म्हणून नर अख्खी बाग उकरून काढतो, आणि कायद्याने आपण त्याच्या पिसालाही धक्का लावायचा नाही. ब्रिस्बेनमध्ये हे सगळ्यांच्याच नशिबी असतं, पण यंदा पठ्ठ्याने नेमका माझा टोमॅटोचा वाफा धरला.

एरवी मी चार शिव्या घालून गप्प बसले असते. पण माझा मुलगा ग्लेन घर विकायचं म्हणून मागे लागला होता. उकरलेला वाफा पाहून त्याला आयतं निमित्त मिळालं.

"आई, तुला आता ही बाग झेपत नाही. तुझ्या वयाच्या लोकांसाठी काय छान युनिटं आहेत, छोटे, आटोपशीर फ्लॅट! बाल्कनीत दोन कुंड्या ठेव."

"कुंड्या तुझ्या डोक्यावर ठेवते," मी म्हणाले. "नाताळच्या जेवणाला या वाफ्यातले टोमॅटो वाढले, तर युनिटचं नाव काढायचं नाही. नाही वाढले, तर तू म्हणशील तिथे जाईन."

बोलून तर बसले. या घराचा एकेक खांब मी आणि माझ्या नवऱ्याने हाताने रंगवलेला.

नवी रोपं लावली. समोरच्या डल्सीने लसूण-मिरचीचं पाणी शिंपडायला सांगितलं. ते उकळताना माझाच जीव ठसक्याने अर्धा झाला. टर्कीने रोपं उपटली आणि वर पाण्यातले मिरचीचे तुकडेही मटकावले.

"अगं, पक्ष्यांना मिरची तिखट लागतच नाही म्हणे," डल्सी दुसऱ्या दिवशी म्हणाली.

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"मला काय माहीत! मी पक्षी आहे का?"

मग व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या चिंध्या बांधल्या. त्या त्याने सोडवून ढिगात नेल्या. कॉफीचा चोथा पसरला, तोही नेला. मी त्याला हाकलत नव्हते, बांधकामाचं सामान पुरवत होते. पायरीवर बसून मी चक्क रडले.

तेवढ्यात कुंपणावरून दुसरा नर आत आला. आमच्या टर्कीने हातातलं काम टाकलं, मान फुगवली आणि असा काही धावून गेला की तो दुसरा पार रस्त्यापलीकडे पळाला. मी डोळे पुसले. याला वासाचं काही नाही, याला डाचते ती भाऊबंदकी!

सासूबाईंनी लग्नात दिलेला उभा आरसा मागच्या खोलीत पडून होता. त्यात मी कधीच धड दिसले नाही. डल्सीने आणि मी तो खाली उतरवला, बागेच्या पार टोकाला आंब्याखाली टेकवला आणि समोर गवत-पाल्याचा मोठा ढीग घातला.

टर्की आला. ढीग त्याला पसंत पडला. मग आरशात पाहिलं, आणि संपलंच! त्या दिवसापासून त्याने ढीग सोडला नाही. दिवसभर ढीग रचायचा, आरशावर गुरगुरायचं, चोच मारायची. वाफ्यात मी पुन्हा लावलेल्या रोपांकडे ढुंकून बघायला त्याला सवड नव्हती. सासूबाईंनी जन्मात प्रथमच माझी बाजू घेतली.

आमच्याकडे नाताळ भर उन्हाळ्यात येतो; त्या दिवशी कोळंबी आणि हॅमच्या मधोमध मी टोमॅटोचा भला मोठा वाडगा आदळला. छोटे, लालबुंद, उन्हाने अजून कोमट. ग्लेनने एक खाल्ला, मग दुसरा, मग वाडगाच जवळ ओढला.

"मीठ दे," एवढंच म्हणाला. मला आनंदाने नाचावंसं वाटत होतं. नाचले नाही, पण दुसऱ्यांदा पुडिंग घेतलं.

पुढच्या हंगामात त्याचा फोन आला. आवाज रडवेला.

"आई, नवीन बाग केली ना आम्ही, एवढा खर्च करून... एका टर्कीने सगळी उकरली गं. तू येतेस का? आरसा घेऊन?"

मी खुर्चीत आरामात मागे टेकले.

"ग्लेन, बाळा," मी म्हणाले, "तुला बाग झेपत नाही का रे? एखादं छानसं युनिट बघू तुझ्यासाठी?"