रासेमाची कवळी साक्षीला जाते

मी एक कवळी बोलतेय. हसा, खुशाल हसा! मीही हसतेच, मला दुसरं येतं काय?

बोस्नियातल्या एका गावात, फादिलच्या दातांच्या दवाखान्यात मी जन्मले. गुलाबी हिरड्या, पांढरेशुभ्र दात. फादिलने मला सत्तरी ओलांडलेल्या रासेमाआजीच्या तोंडात बसवलं आणि आरसा पुढे धरला. ती बघतच राहिली. "अगंबाई, ही कुठली नटी?"

तिचे स्वतःचे दात युद्धात गेले होते. सैनिकांनी माणसं शाळेत कोंडली, तेव्हा बंदुकीचा दस्ता तिच्या तोंडावर बसला. तिचा नवरा रिफेत त्या शाळेतून परत आलाच नाही. तीस वर्षं लोटली आणि तो दस्ता मारणारा मोमिर परदेशात सापडला. राजधानी सारायेवोच्या कोर्टात खटला उभा राहिला. बोळक्या तोंडाने साक्ष द्यायची नाही, हे आजीने ठरवून टाकलं. म्हणून मी!

सारायेवोच्या गाडीत बायकांचा नुसता कल्ला. गाणी, सफरचंदं, थट्टा. मैत्रीण मेवला म्हणाली, "रासेमा, कोर्टात चाललीस की लग्नाला?"

"लग्नाला कुठं एवढी नटले होते गं!"

सगळ्या खिदळल्या. पण आजीच्या हिरड्या थरथरत होत्या, ते फक्त मला कळत होतं.

कोर्टात मोमिर झकास सूट घालून बसला होता. त्याचा वकील म्हणाला, "माझे अशील त्या गावी कधी गेलेच नाहीत. नावं सारखी असल्याचा घोळ आहे. आजी, इतक्या वर्षांनी तुम्ही ओळखता कशावरून?"

"कशावरून म्हणजे? आमची बस हाच चालवायचा! रोज ओरडायचा, 'रासेमा, आत सरक!' शाळेच्या दारातही तेच ओरडला, आणि मग दस्ता मारला. माझ्या रिफेतला यानंच ओढून नेलं."

तिचा आवाज फाटला. मी सुटता सुटता राहिले. तिने डोळे पुसले आणि रागाच्या भरात सुचेल ते बोलत सुटली. "आणि बस तरी कसली! नुसता खटारा. कधी वेळेवर आली नाही मेली!"

"साफ खोटं!" मोमिर ताडकन उठला. "एक दिवस उशीर केला नाही मी!"

वकिलाने कपाळाला हात लावला. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून शांतपणे विचारलं, "कुठल्या बसला म्हणालात?"

मागून मेवला फिस्सकन हसली, आणि मग कुणालाच आवरेना.

निकालाच्या दिवशी मोमिरला तुरुंगवास झाला. न्यायाधीशबाईंनी रिफेतचं नाव मोठ्याने वाचलं, तेव्हा आजीने मला इतकं आवळलं की मला तडा गेला. बाहेर पायऱ्यांवर बायकांनी हात धरून फेर धरला. आजी एवढी हसली की मी उडून थेट मेवलाच्या पर्समध्ये!

आता तडा घेऊनच मी मजेत आहे. आत्ताच अंगणात मक्याची कणसं भाजून झालीत, तेव्हा मला निघायला हवं. कुणा म्हाताऱ्या तोंडाला बोलायचं असेल, तर तुम्हीही जरा थांबून ऐका.

रिफेतला कुठं पुरलं, ते मोमिरने अजून सांगितलेलं नाही. आजी म्हणते, "तोंडात जीभ आहे तोवर विचारत राहणार." म्हणजे माझी नोकरी पक्की!