शेडाखालची विहीर

इचलकरंजीच्या कडेला अभिनंदन मगदूमचं चोवीस यंत्रमागांचं शेड आहे. एका सकाळी कॉलेजात भूगोल शिकवणाऱ्या अनुजा मॅडम तिथं आल्या. शंभर वर्षांपूर्वीचा सर्वेचा नकाशा आणि आजचं शिवार ताडून बघायचं त्यांचं काम चाललं होतं.

कापडाच्या ताग्यावर त्यांनी नकाशा पसरला. ओढा, गाडीवाट, म्हसोबाचं देऊळ, सगळं जुळत होतं. मागांच्या खडखडाटात त्या ओरडूनच बोलत होत्या.

"हा निळा ठिपका म्हणजे विहीर. ओढ्याला वाट मिळते तिथंच. आता ती कुठं दिसत नाही."

अभिनंदन हसला. "मॅडम, वाट मिळती तिथं तर आमचं शेड हाय! हितं कुठली हीर?"

तरी त्यानं दारात खुर्चीवर बसलेल्या ऐंशी वर्षांच्या वडिलांना, पार्श्वनाथ आण्णांना, हाक मारली. "आण्णा, आपल्या रानात कधी हीर हुती व्हय?"

आण्णांनी नकाशाकडं बघितलं. ते खुर्चीतनं उठले.

"आदी माग बंद कर."

"काय झालं?"

"बंद कर की! समदी मानसं भायेर काढ!"

मेन स्विच खाली आला. कामगार अंगणात येऊन उभे राहिले. मग आण्णा बोलले. बेचाळीस वर्षांपूर्वी शेड बांधताना विहीर बुजवायला माती पुरेना. त्यांनी तोंडावर लाकडं आडवी टाकून वर काँक्रीट ओतलं होतं.

"तवा चारच माग हुते, तेवढा भार पेलंल वाटलं. पुढं सांगायचं धाडस झालं न्हाय."

अभिनंदनला ते खरंच वाटेना. कृष्णात मिस्त्रीला बोलावून त्यानं सातव्या मागाजवळ फरशीला भोक पाडून घेतलं आणि त्यातनं एक लोखंडी नट खाली टाकला. कितीतरी वेळानं खालनं पाण्याचा आवाज आला. त्याच जागेवर रोज जेवून आडवा होणारा बिहारी विणकर दारातनं बघत होता; तो दोन पावलं मागं सरला.

आठवडाभरात माग हलवले, काँक्रीट फोडलं. लाकडं इतकी कुजली होती, की मुठीत भुगा व्हायचा.

"माझी पोरं हितं रांगली, आण्णा," अभिनंदन एवढंच म्हणाला.

आण्णांनी एकेका कामगारापुढं जाऊन हात जोडले. कुणी "असू दे" म्हणालं, कुणी मान फिरवली. अभिनंदन मात्र अजून त्यांच्याशी कामापुरतंच बोलतो.