चाकांवरचं माहेर

कोलशेतच्या खाडीकाठी नामा कोळ्याने यंदा नारळ फोडला तो होडीपुढे नव्हे, तर चाकांवरच्या एका घरापुढे. या घराला खिडक्या होत्या, पडदे होते, ओटा होता; इंजिन मात्र नव्हतं. पुढे एक लोखंडी दांडा होता आणि तो नामाच्या जुन्या जीपला मागून अडकवला होता. ओहोटीच्या चिखलात रुतलेल्या किती तरी होड्या या जीपने बैलागत ओढून काढल्या होत्या. आज तिला घर ओढायचं होतं.

नामाची एकुलती एक लेक दक्षता टिटवाळ्याला नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहत होती. तिला नववा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिचं ब्लडप्रेशर वाढलं आणि डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला. आईने तिकडे जावं, तर सगुणाचे गुडघे कामातून गेलेले, आणि त्या इमारतीची लिफ्ट अजून सुरूच झालेली नव्हती. शेवटी नामाने ठरवलं, लेक माहेरी येत नाही ना, मग माहेरच तिच्या दारात नेऊन उभं करू. पुतण्या भावेशच्या वर्कशॉपमध्ये एक जुनी कॅरव्हॅन धूळ खात पडली होती. नामाने ती घेतली आणि बदल्यात आपली होडी देऊन टाकली.

सगुणाला न विचारता. तिथेच बिनसलं.

"जिने आपल्याला पोसलं तिला देऊन पत्र्याचा डबा आणलाय," ती म्हणाली. "लेकीकडे येईन मी. पण त्या डब्यात पाय ठेवणार नाय. जिन्याखाली पथारी टाकीन."

बोलून सगुणाची समजूत पटत नाही, हे नामाला लग्नापासून ठाऊक होतं.

सामान त्याने एकट्यानेच भरलं. पाण्याचा पिंप, तांदळाची गोण, पाटा-वरवंटा, बाळंतिणीच्या शेकाची शेगडी, सुकटीचा डबा. भावेश बजावून गेला होता, "काका, जड सामान चाकांच्या थोडं पुढे घ्या." नामाने मान हलवली आणि सगळं जड सामान अगदी मागच्या टोकाला रचलं. होडी अशीच भरतात. मागे वजन, पुढची नाळ हलकी, म्हणजे ती लाटेवर अलगद चढते. जन्मभर हाताला लागलेलं वळण. कालच्या पोराच्या सांगण्याने ते मोडतं थोडंच?

कापूरबावडीपर्यंत सगळं झकास चाललं. सगुणा जीपमध्ये पुढे, तोंड खिडकीकडे करून बसली होती. साकेतचा पूल आला. खाली खाडी भरलेली दिसली, तशी तिने सवयीने हात जोडले. पूल उतरताना जीपने थोडा वेग घेतला आणि मागचं घर डुलू लागलं. आधी थोडं, मग जोरात, जाळ्यातल्या माशाने शेपटी मारावी तसं इकडून तिकडे. जीपचा मागचा भागही त्याच्याबरोबर ओढला जाऊ लागला.

"अवं, थांबवा!" सगुणाने त्याचा दंड धरला.

नामाने ब्रेकवर पाय दिला नाही. नुसता अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं. हळूहळू डुलणं थांबलं. एका पेट्रोल पंपापुढच्या मोकळ्या जागेत त्याने गाडी उभी केली.

"परत फिरवा," सगुणा म्हणाली. मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "पण मग पोरीचं कोण बघेल वो?"

नामाने भावेशला फोन लावला. भावेशने एकच विचारलं, "काका, पिंप कुठे ठेवलाय?"

"मागे."

"पाटा?"

"तोही मागेच."

"काका, होडीला मागून रेटा असतो. हिला पुढून ओढायचंय. आणि रस्त्यावर कुठे लाटा असतात?"

स्पीकर चालू होता. सगुणा भीती विसरून खुदकन हसली. "ऐका आता पोराचं," ती म्हणाली.

नामाने मागे जाऊन दार उघडलं आणि आतून सुकटीचा भपकारा आला. डबा आडवा होऊन सगळी सुकट जमिनीवर पसरली होती.

"सांडली? माझी सुकट?" सगुणा जीपमधून उतरली. लेकीला आवडते म्हणून तिने ती स्वतः निवडून भरलेली. पत्र्याच्या डब्यात पाय न ठेवण्याची शपथ तिला त्या घडीला आठवली नाही. वर चढल्यावर मात्र ती थबकली. गुडघा दुखला नव्हता. पायऱ्या ठेंगण्या होत्या, पाऊल जेमतेम उचलावं इतक्याच. दाराशी धरायला होडीचाच दोर गुंडाळलेली मूठ होती. आत भिंतीलगत बसायला एक फळी बसवली होती. सगुणाने तिच्या कडेवरून बोट फिरवलं. कालवं फोडताना तिच्याच कोयत्याने पडलेली खाच तिथे होती.

"ही आपल्या होडीतली."

"तुझ्या बसायच्या जागेची. तेवढी भावेशकडून मागून घेतली."

सगुणा फळीवर बसली. पदराने नाक पुसून म्हणाली, "उभे काय राहिलात? पिंप पुढे घ्या. मी सुकट भरते."

दुर्गाडी, कल्याण मागे पडलं. घर आता शहाण्या वासरासारखं मागून येत होतं. टिटवाळ्याला इमारतीकडे जाणारा रस्ता कच्चा, चढाचा आणि टँकरच्या पाण्याने राड झालेला. जावई मितेश हात हलवत पुढे धावत होता, "बाबा, रुतेल हां!" नामाने गिअर टाकून जीपची चारही चाकं ओढीला लावली. इथे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. जीप चिखल कापत, कण्हत, घराला घेऊन वर चढली आणि इमारतीच्या दाराशी उभी राहिली.

नामा चाकांना दगड लावत होता, तोवर मितेशचा हात धरून दक्षता एकेक पायरी उतरून खाली आली. सगुणा ठेंगण्या पायऱ्यांच्या वर, दारात उभी होती.

"ये बाय. हळू चढ."

दक्षता आत आली, फळीवर टेकली. सुकटीचा वास अजून गेलेला नव्हता. पुरती निवडून भरली तरी काही खाली राहिलीच होती.

तिने डोळे मिटून मोठा श्वास घेतला.

"आई," ती म्हणाली, "घरी आल्यासारखं वाटतंय गो."